स्वतःची निगा आणि दुसऱ्याची प्रार्थना

शरीराच्या आरोग्यासाठी काय करावे हे बहुतेकांना ठाऊक असते. ते आचरणात येत नाही, एवढेच. आत्मिक आरोग्याची गोष्ट मात्र निराळी आहे. ते कशाने टिकते असे कोणी विचारले, तर आपण अडखळतो. कोणी नामस्मरण सांगतो, कोणी ध्यान, कोणी तीर्थयात्रा. ही सर्व उत्तरे आपापल्या जागी योग्य आहेत. तथापि त्यांच्यामागे एक समज दडलेला असतो, आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे. तो असा की, आत्म्याची निगा ही सर्वस्वी खाजगी बाब आहे. देवघराचे दार लोटून घ्यावे आणि आपल्यापुरती शांती मिळवावी.

याच्या जोडीला दुसराही एक समज आढळतो. निरनिराळ्या धर्मांच्या, जातींच्या व भाषांच्या लोकांशी सलोख्याने वागणे हा नागरिकशास्त्राचा विषय आहे, अंतःकरणाचा नव्हे, असे आपण मानतो. शेजारी कोणत्या धर्माचा आहे याचा माझ्या साधनेशी काय संबंध, असा प्रश्न आपण सहज विचारतो.

या दोन समजांमुळे एकाच गोष्टीचे दोन तुकडे झाले आहेत. स्वतःच्या मनाची नित्य मशागत केल्याखेरीज परक्याला मनापासून जागा देता येत नाही, आणि परक्याला जागा देण्याची वेळ आल्याखेरीज आपली मशागत खरी की खोटी, हे कळत नाही. हे विधान केवळ तात्त्विक वाटू नये म्हणून ते एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे पाहू. हे उदाहरण दिल्लीतील आहे. तेथे 1947 आणि 1948 या वर्षांत एक साधी सायंप्रार्थना रोज संध्याकाळी उघड्यावर होत असे आणि साऱ्या शहराची परीक्षा पाहत असे.

एकशे चव्वेचाळीस दिवस

गांधीजी 9 सप्टेंबर 1947 रोजी कलकत्त्याहून दिल्लीस पोहोचले. त्यांना पुढे पंजाबात जायचे होते. परंतु शाहदरा स्थानकावर उतरताच शहराची जी अवस्था त्यांच्या कानी आली, तिने त्यांचे पाय तेथेच रोखले. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या हिंदू व शीख निर्वासितांचे लोंढे दिल्लीत शिरत होते. किंग्जवे कॅम्पसारख्या छावण्या भरून गेल्या होत्या. दुसरीकडे दिल्लीचेच रहिवासी असलेले हजारो मुसलमान जिवाच्या भीतीने घरे सोडून पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथे आश्रयाला गेले होते. अनेक मशिदींत निर्वासितांनी संसार थाटले होते. त्यांना दुसरा आसराही नव्हता.

यापूर्वी दिल्लीत आले म्हणजे गांधीजी रीडिंग रोडवरील सफाई कामगारांच्या वस्तीत, वाल्मीकी मंदिराच्या आवारात उतरत असत. त्या रस्त्याला आज मंदिर मार्ग म्हणतात. या खेपेस ती वस्ती निर्वासितांनी व्यापली असल्यामुळे त्यांना आल्बुकर्क रोडवरील बिर्ला भवनात नेण्यात आले. तेथे ते 30 जानेवारी 1948 पर्यंत, म्हणजे 144 दिवस राहिले.

या दिवसांतील त्यांचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. वय 78. देशाचे दोन तुकडे झालेले. आयुष्यभराचे काम डोळ्यांदेखत ढासळत असलेले. दिवसभर भेटीला मंत्री, निर्वासित, मौलवी, पत्रकार. असे असूनही पहाटे साडेतीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, फिरणे, अंगास मालीश, स्नान, मोजका आहार, सूत कातणे, सायंकाळी प्रार्थना आणि दर सोमवारी मौन, हा क्रम सहसा मोडत नसे. सोमवारी प्रार्थनासभेत सांगावयाचे ते लिहून ठेवीत आणि दुसरे कोणी ते वाचून दाखवीत असे. आपल्या शेवटच्या उपोषणाचा निश्चय त्यांनी 12 जानेवारी 1948 रोजी जाहीर केला. तो सोमवार होता, म्हणून ती घोषणाही वाचूनच दाखवण्यात आली.

आत्मिक निगा म्हणजे काय, हे या दिनक्रमावरून समजते. ती चैन नव्हे आणि पलायनही नव्हे. संकट आले की सर्वप्रथम आपण झोप, फिरणे, मौन व प्रार्थना यांना रजा देतो; कारण त्या गोष्टी आपल्याला फावल्या वेळच्या वाटतात. गांधीजींनी उलट केले. भोवताल जितका विस्कटलेला, तितका दिनक्रम त्यांनी घट्ट धरला. निर्वासितांचा संताप दिवसभर ऐकून घेण्याची ताकद कोठून तरी यावी लागते, आणि ती पहाटेच्या त्या तासातून येत होती.

प्रार्थना आणि हरकत

बिर्ला भवनाच्या मागील हिरवळीवर सायंकाळी पाचच्या सुमारास प्रार्थना होत असे. तिचे स्वरूप अनेक वर्षांत हळूहळू घडलेले होते. आश्रमात राहून गेलेल्या एका जपानी भिक्षूची आठवण म्हणून त्याचा बौद्ध मंत्र प्रार्थनेत आला. ईशोपनिषदातील पहिला मंत्र होता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगणारे 19 श्लोक होते. कुराणातील सूरा फातिहा होती आणि पारशी धर्मातील गाथाही होती. त्यानंतर भजन, रामधून आणि शेवटी गांधीजींचे भाषण. ही भाषणे आकाशवाणीवरून प्रसारित होत असत.

या प्रार्थनेचा प्रत्येक भाग कोणा ना कोणा माणसाबरोबर आला, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणी विद्वानाने बसून सर्व धर्मांतील उतारे निवडले आणि त्यांचे संकलन केले, असे झाले नाही. एक माणूस आश्रमात आला, त्याची प्रार्थना त्याच्याबरोबर आली. माणूस राहिला, तशी प्रार्थनाही राहिली. विविधतेचे स्वागत म्हणजे वस्तुतः हेच. ते तत्त्वांचे नसते, तत्त्व जगणाऱ्या माणसांचे असते.

या प्रार्थनेतील कुराणाच्या वचनांवर हरकत घेतली जाऊ लागली. एप्रिल 1947 च्या पहिल्या आठवड्यात वाल्मीकी मंदिरातील सभेत कुराणपठण सुरू होताच एक तरुण उभा राहिला. हिंदू मंदिरात कुराण म्हणता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. सभेत शेकडो माणसे होती आणि हरकत घेणारा एकटा होता. त्याला बाहेर काढणे कठीण नव्हते, आणि काही जण त्यासाठी पुढेही सरसावले. गांधीजींनी त्यांना थांबवले. परंतु कुराणाचा भाग गाळून उरलेली प्रार्थना उरकून घेण्यासही त्यांनी नकार दिला. त्या दिवशी सारी प्रार्थनाच रहित झाली. पुढे आणखी एकदोन दिवस असेच घडले. अखेर हरकत न येता सभा पार पडली, तेव्हाच प्रार्थना पूर्ण झाली.

या निर्णयात दोन गोष्टी एकत्र आहेत आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, प्रार्थना अखंड आहे. तिच्यातील एका धर्माचे वचन दुसऱ्याच्या रागासाठी वगळले, तर उरलेली वचनेही खोटी ठरतात. दुसरी अशी की, हरकत घेणारासुद्धा सभेतील माणूसच आहे. सर्व धर्मांचे स्वागत करणारी प्रार्थना एका विरोधकाला धक्के मारून हाकलून देऊ लागली, तर तिने स्वागत कोणाचे केले? आपल्या मताच्या विविधतेला हार घालणे सोपे असते; विरोध करणाराही त्या विविधतेत मोडतो, हे मान्य करणे अवघड असते.

सप्टेंबरनंतर बिर्ला भवनात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. आता हरकत घेणाऱ्यांत अशी माणसे होती, ज्यांनी आपली घरे जळताना आणि आपली माणसे मरताना पाहिली होती. त्यांना कुराणाची वचने ऐकवत नव्हती. त्यांचा हा क्षोभ केवळ हटवादी होता, असे म्हणता येणार नाही. येथे गांधीजी प्रार्थनेपूर्वी कोणाची हरकत आहे काय, असे विचारीत. हरकत असणारे शांत राहण्यास आणि उरलेली सभा त्यांच्यावर न रागावण्यास तयार झाली, तरच प्रार्थना पुढे चाले. म्हणजे ऐकणाऱ्यांना नुसती प्रार्थना ऐकावयाची नव्हती. शेजारी बसलेल्या विरोधकाविषयीचा राग मनातून काढून टाकणे, हा त्या प्रार्थनेचाच पहिला भाग झाला होता.

त्याच भाषणांतून गांधीजी निर्वासितांसाठी घोंगड्या व रजया मागत होते, कारण दिल्लीचा हिवाळा जवळ येत होता. दिवाळीच्या दिवशी, 12 नोव्हेंबर 1947 रोजी, त्यांनी आकाशवाणी केंद्रात जाऊन कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांना उद्देशून भाषण केले. ज्याला उघड्यावर थंडीत झोपावयाचे आहे, त्याला केवळ समभावाचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

व्रतांची एक यादी

गांधीजींच्या आश्रमजीवनाशी महाराष्ट्राचा जो संबंध आहे, तो या विषयात विशेष उपयोगी पडतो. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती आश्रमातील प्रार्थनेला स्वर दिला आणि ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. तिच्यात अनेक भाषांतील भजने असून मराठी संतांच्या रचनांनाही स्थान आहे. आश्रमाची एकादश व्रते रोजच्या प्रार्थनेत म्हटली जातात. ती ज्या छोट्या श्लोकात गुंफली आहेत तो विनोबांचा असून मराठीत आहे.

या अकरा व्रतांची यादी लक्षपूर्वक पाहावी. तीत सत्य, अहिंसा, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह ही योगशास्त्रातील पाच यमे आहेत. त्यांच्या पुढे सहा व्रते अधिक आहेत. अस्वाद म्हणजे जिभेवर ताबा, शरीरश्रम म्हणजे आपल्या अन्नासाठी आपल्या हातांनी काही करणे, अभय, स्वदेशी, अस्पृश्यतेचा त्याग, आणि सर्व धर्मांविषयी समभाव. म्हणजे काय खावे आणि हातांनी काय काम करावे, हे प्रश्न आणि दुसऱ्याच्या धर्माकडे कसे पाहावे, हा प्रश्न एकाच यादीत, एकाच पंक्तीला बसवलेले आहेत. एक व्रत घरातले आणि दुसरे बाजारातले, असा भेद तेथे नाही.

या रचनेत मोठा अर्थ आहे. जिभेवर ताबा नसलेला माणूस दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलतानाही जीभ आवरू शकत नाही. भीतीने ग्रासलेला माणूस परक्याला घरात घेऊ शकत नाही, कारण परका म्हणजे त्याला धोका वाटतो. म्हणून समभावाचे शिक्षण भाषणांनी होत नाही. ते अभयाच्या आणि संयमाच्या रोजच्या सरावाने होते. याउलट, ज्याचा संयम केवळ स्वतःच्या शुद्धीपुरता उरतो, त्याला आपल्या शुद्धीचाच अहंकार जडतो. तो सोवळ्यात इतका गुरफटतो की शेजाऱ्याची सावलीही त्याला नकोशी होते. अस्पृश्यतेचा इतिहास हा अशाच बिघडलेल्या साधनेचा इतिहास आहे. सर्व धर्मांची वचने एका बैठकीत म्हणायची, आणि आपल्याच धर्मातील माणसाला मात्र देवळाच्या पायरीवर रोखायचे, हा ढोंगीपणा होय. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केले ते याच ढोंगीपणाविरुद्ध.

सहिष्णुतेपेक्षा अधिक

1930 साली गांधीजी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते. तेथून ते दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे गुजराती गद्याचे थोर लेखक म्हणून मान्यता पावलेले काकासाहेब कालेलकर तेव्हा त्यांच्यासोबत होते. समभावाच्या व्रताला नाव काय द्यावे, याची दोघांत चर्चा झाली. ‘सहिष्णुता’ हा शब्द दोघांनाही रुचेना. काकासाहेबांनी ‘सर्वधर्म-आदर’ असा पर्याय सुचवला. तोही गांधीजींना पटला नाही. दुसऱ्याचा धर्म आपण सहन करतो असे म्हणण्यात तो कमी प्रतीचा आहे, असे गृहीत धरलेले असते. आणि आदर म्हणण्यातही उपकाराचा वास येऊ शकतो. शेवटी ‘समभाव’ हा शब्द ठरला.

हा केवळ शब्दांचा खल नव्हता. सहन करणारा माणूस आपल्या जागेवरून हलत नाही. आदर देणारा वरच्या पायरीवरून थोडा वाकतो. समभाव बाळगणारा मात्र एकाच जमिनीवर येऊन बसतो. तो आपला धर्म सोडत नाही. गांधीजी अखेरपर्यंत स्वतःला सनातनी हिंदू म्हणवीत राहिले. पण सत्य संपूर्णपणे आपल्याच हाती आले आहे, असा दावा तो करत नाही. आणि हा दावा सोडून देणे ही आत्मिक आरोग्याची मोठी खूण आहे. ज्याला आपलेच खरे ठरवण्याची सतत निकड असते, त्याचे मन कधी शांत नसते.

समभावाचा अर्थ सर्व धर्मांची सरमिसळ असाही नव्हे. विनोबांनी हे आपल्या आचरणाने दाखवले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. पुढे त्यांनी ‘कुराणसार’ आणि ‘ख्रिस्तधर्मसार’ ही संकलने केली, धम्मपदाची नवी मांडणी केली, आणि नानकांच्या जपुजीवरही लिहिले. ऐकीव माहितीवर कोणत्याही धर्माविषयी चांगले अथवा वाईट मत देण्यापेक्षा मुळाशी जाण्याचे कष्ट घ्यावेत, हा त्यांचा मार्ग होता. मे 1958 मध्ये पंढरपुरास ते विठ्ठलाच्या दर्शनाला गेले, ते अन्य धर्मांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊनच.

मेहरौलीचा धडा

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. गांधीजींचे शेवटचे उपोषण 13 जानेवारी 1948 रोजी सुरू झाले. ते सोडण्यासाठी ज्या गोष्टींची हमी दिली गेली, त्यांत पहिली होती मेहरौलीच्या दर्ग्याची. तेथे ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांची समाधी आहे. 1235 मध्ये निवर्तलेल्या या सूफी संताचा उरूस दरवर्षी भरत असे. त्या वर्षी तो भरेल अशी खात्री नव्हती. दर्ग्याची नासधूस झाली होती आणि आसपासचे मुसलमान निघून गेले होते. उरूस नेहमीप्रमाणे व्हावा, मशिदी परत केल्या जाव्यात, सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंज अशा भागांतून मुसलमानांना निर्धोकपणे वावरता यावे, त्यांच्यावरील आर्थिक बहिष्कार उठावा, अशा त्या अटी होत्या. आणि हे सर्व पोलिसांच्या वा लष्कराच्या बळावर नव्हे, तर नागरिकांच्या प्रयत्नाने व्हावयाचे होते.

या उपोषणाला विरोधही झाला. बिर्ला भवनाबाहेर येऊन काहींनी गांधी मरू द्या, अशा घोषणा दिल्या. तरीही 18 जानेवारी रोजी शहरातील निरनिराळ्या समाजांच्या व संघटनांच्या शंभराहून अधिक प्रतिनिधींनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. उपोषण सोडण्यापूर्वी बौद्ध, इस्लामी व पारशी प्रार्थना म्हणण्यात आल्या, उपनिषदातील मंत्र म्हणण्यात आला, आणि मौलाना आझादांच्या हातून गांधीजींनी फळांचा रस घेतला.

27 जानेवारीला ते मेहरौलीच्या उरुसास गेले. दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्यांची मोडतोड पाहून त्यांना दुःख झाले. परंतु त्या दिवशी तेथे मुसलमानांबरोबर हिंदू व शीखही मोठ्या संख्येने जमले होते.

मेहरौलीत हे दृश्य नवे नव्हते. या गावात बख्तियार काकींचा दर्गा आहे आणि योगमायेचे प्राचीन देवस्थानही आहे. मोगल बादशहा दुसरा अकबर याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, त्याचा मुलगा मिर्झा जहांगीर याने इंग्रज रेसिडेंटवर गोळी झाडली. त्यामुळे त्याला अलाहाबादेस हद्दपार करण्यात आले. मुलगा परत आला तर दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन, असा नवस त्याच्या आईने केला. तो फेडला गेला तेव्हा दर्ग्याबरोबर योगमायेलाही फुले वाहिली गेली. त्यातून ‘फूलवालों की सैर’ हा उत्सव रूढ झाला. 1942 च्या आंदोलनाच्या काळात इंग्रज सरकारने तो बंद पाडला. पुढे साठच्या दशकाच्या आरंभी पंडित नेहरूंच्या प्रोत्साहनाने त्याचे पुनरुज्जीवन झाले.

या उत्सवाच्या मुळाशी कोणताही सिद्धान्त नाही. एका आईची काळजी आहे. दोन ठिकाणी फुले वाहताना आपण काही मोठे ऐक्य साधीत आहोत, असे तिला वाटलेही नसेल. विविधतेचे स्वागत ज्या ठिकाणी टिकून राहते, तेथे ते अशा घरगुती कारणांनीच टिकते: नवस, फुले, आजारपण, लग्न, जेवण. म्हणूनच ते तुटते तेव्हा केवळ शासनाच्या हुकुमाने जुळत नाही. पुन्हा कोणाला तरी पायांनी तेथवर चालत जावे लागते.

मेहरौलीनंतर तिसऱ्याच दिवशी, 30 जानेवारी 1948 रोजी, प्रार्थनेसाठी हिरवळीवरून जात असताना नथुराम गोडसे याने गांधीजींचा खून केला. त्यापूर्वी 20 जानेवारीलाही प्रार्थनासभेत बाँबस्फोट झाला होता. त्यानंतर सभेला येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींनी संमती दिली नव्हती, आणि पकडल्या गेलेल्या तरुणाचा द्वेष करू नका, असे त्यांनी सभेला सांगितले होते. ज्या महाराष्ट्राने या प्रार्थनेला खऱ्यांचा स्वर आणि विनोबांचा श्लोक दिला, त्याच महाराष्ट्रातून तिच्यावर गोळी झाडणाराही आला. मराठी वाचकाने यातील पहिली गोष्ट अभिमानाने सांगावी आणि दुसरी विसरू नये.

आपल्यापुरते काय करता येईल

एवढी मोठी उदाहरणे वाचून सामान्य माणसाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. उपोषण करणे हे आपले काम नव्हे; ते कोणी अनुकरण म्हणून करूही नये. आजार झाला असता वैद्याकडे जावे, मन दीर्घकाळ खिन्न राहत असेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. प्रार्थना ही औषधाची जागा घेत नाही. परंतु या कथेतून काही गोष्टी कोणालाही घेता येतील.

पहिली गोष्ट, दिवसातील एक वेळ राखून ठेवणे. ती पंधरा मिनिटांची असली तरी चालेल, पण रोजची असावी, आणि घाईगर्दीच्या दिवशी तर अवश्य असावी. तीत जप, वाचन, फिरणे अथवा नुसते स्वस्थ बसणे, ज्याला जे रुचेल ते करावे. ईश्वर न मानणाऱ्यालाही शांत बसण्याची गरज असतेच.

दुसरी गोष्ट मौनाची. आठवड्यातून एक संपूर्ण दिवस कदाचित जमणार नाही. एक तास जमेल. मौनात आपले स्वतःचे आवाज ऐकू येऊ लागतात. त्यांत राग किती, भीती किती आणि कोणाविषयी, हे कळू लागते. बहुतेक वेळा परक्याविषयीचा आपला तिटकारा म्हणजे आपलीच एखादी न तपासलेली भीती असते.

तिसरी गोष्ट, आपल्या परंपरेची नीट ओळख करून घेणे. ज्याला स्वतःच्या घरातील संत ठाऊक नाहीत, त्याला दुसऱ्याच्या संतांची महती कळणे कठीण. मुळे खोल गेलेले झाडच वाऱ्यात निर्धास्त डोलते.

चौथी गोष्ट, दुसऱ्याची प्रार्थना त्याच्याच तोंडून आणि त्याच्याच जागी ऐकणे. दिल्लीत राहणाऱ्यांना ही संधी पावलोपावली मिळते. बंगला साहिब गुरुद्वारात कोणीही लंगराच्या पंगतीत जमिनीवर बसू शकतो. तेथे जात वा धर्म विचारला जात नाही. पंगतीत जेवावे आणि जमल्यास पोळ्या लाटावयास अथवा भांडी घासावयास बसावे, म्हणजे शरीरश्रमाचे व्रत आणि समभावाचे व्रत एकाच वेळी घडते. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात कव्वाली ऐकता येते. 1986 मध्ये खुल्या झालेल्या बहाई उपासनामंदिरात, ज्याला लोक कमळमंदिर म्हणतात, तेथे मूर्ती नाही आणि प्रवचनही नाही. सर्व धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून मौन पाळावे, एवढीच अपेक्षा आहे. अशा ठिकाणी प्रेक्षक म्हणून न जाता पाहुणा म्हणून जावे. पाहुणा यजमानाच्या घरची रीत पाळतो, तिची परीक्षा घेत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे, ती हरकत घेणाऱ्याची. आपल्या कुटुंबात, सोसायटीत, कचेरीत अशी माणसे असतातच, ज्यांना परक्यांना जागा देणे मान्य नसते. त्यांच्यापुढे आपण बहुधा दोहोंपैकी एक मार्ग स्वीकारतो. त्यांच्या समाधानासाठी आपली प्रार्थना कापून घेतो, किंवा त्यांनाच सभेतून हाकलतो. एप्रिल 1947 मध्ये वाल्मीकी मंदिरात या दोन्ही मार्गांना नकार मिळाला. प्रार्थना कापली गेली नाही, आणि त्या तरुणाला हाकलण्यासही गांधीजींनी संमती दिली नाही. थांबण्याची तयारी मात्र ठेवली गेली. ही थांबण्याची शक्ती ज्याच्यापाशी आहे, त्याचे आत्मिक आरोग्य चांगले आहे, असे खुशाल समजावे.

बिर्ला भवन 1971 मध्ये सरकारने ताब्यात घेतले आणि 1973 मध्ये गांधी स्मृती म्हणून ते जनतेसाठी खुले झाले. आल्बुकर्क रोडला आता तीस जानेवारी मार्ग असे नाव आहे. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावले तेथे दगडांत उमटवून ठेवलेली आहेत. बहुतेक पाहुण्यांचे लक्ष ती पावले जेथे थांबतात, त्या ठिकाणाकडे जाते. ती पावले जेथे निघाली होती, तेही लक्षात घ्यावे. एका साध्या खोलीतून, बिछान्याजवळून, चरख्याजवळून ती निघाली होती. आणि ज्या हिरवळीकडे ती जात होती, तेथे निरनिराळ्या धर्मांची आणि निरनिराळ्या मतांची माणसे त्यांची वाट पाहत बसली होती. खोली आणि हिरवळ या दोहोंमधील अंतर फार नाही. ते रोज चालून जाणे, हीच साधना होय.